सोसायटीच्या टाकीतील पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डियाचा शोध: प्रकल्प नोंदी

२६ मे

पश्चिम उपनगरातील एका जुन्या, सात मजली सोसायटीच्या तळटाकीतून आणि गच्चीवरील टाकीतून पावसाळाभर पाण्याचे नमुने घ्यायचे आणि त्यांत क्रिप्टोस्पोरिडियम व जिआर्डिया या अतिसार घडवणाऱ्या दोन परजीवींचा डीएनए रिअल-टाइम पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा चक्रागणिक दुप्पट करत तो किती आहे ते मोजणाऱ्या पद्धतीने) शोधायचा, असे काम ठरले आहे. एक सेंट्रिफ्यूज, एक पीसीआर यंत्र आणि बेताचा निधी एवढ्यावरच ज्यांना असे काम उभे करायचे आहे, त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवत आहोत.

टाकीच का निवडली, तेही सांगून ठेवतो. मुंबईत येणारे तलावांचे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे तुरटी, वाळूचे गाळप आणि क्लोरीन या पायऱ्यांतून जाते; परंतु ते दिवसातून काही ठराविक तासच सोडले जात असल्यामुळे प्रत्येक इमारतीला ते आधी तळटाकीत आणि मग मोटरने गच्चीवर साठवावे लागते. चावीवाला झडप बंद करून गेला की त्यापुढचे पाणी सोसायटीच्या हवाली असते, आणि तिथे झाकण, जाळी व साफसफाई यांवर नजर ठेवणारा बहुतेक वेळा कोणी नसतो.

परजीवी वेगळे काढण्यासाठी चुंबकी मणी वापरणारे आयात किट लाखाच्या घरात जाते आणि त्यात मोजकेच नमुने होतात. म्हणून ते वगळून पाणी आटवण्याची आणि डीएनए काढण्याची पद्धत स्वतःच बसवायची आहे. दोन्ही परजीवींसाठी १८ एस या जनुकावरचे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) आणि प्रोब (तो तुकडा वाढला की चमकणारा धागा) मागवले. प्रायमर स्वस्त पडतात; प्रोब मात्र महाग असून तो यायला काही आठवडे लागतात, तेव्हा त्याची मागणी सर्वांत आधी नोंदवावी.

३ जून

पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे ज्यात परजीवी नक्की आहे अशा पडताळणीच्या नमुन्याचा प्रश्न. प्लास्मिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) बसवलेला जनुकाचा तुकडा विकत मिळतो आणि प्रमाणरेषा (माहीत असलेल्या प्रमाणांवरून मोजमाप ठरवणारी रेषा) काढायला तो पुरतो, पण ऊसिस्टचे, म्हणजे पाण्यात टिकून राहणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचबंद रूपाचे, कवच फुटले की नाही, किंवा पाणी गाळताना किती ऊसिस्ट हाती लागले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी खरेच ऊसिस्ट लागतात, आणि शुद्ध ऊसिस्ट परदेशातून मागवणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते.

आरेतील एका तबेल्याच्या मालकाने म्हशीच्या लहान पारडांचे शेण घ्यायला परवानगी दिली. हगवण लागलेल्या, जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या पारडांचेच शेण घ्यावे. मोठ्या जनावरांत ऊसिस्ट कमी मिळतात आणि प्रजातीही बहुधा वेगळीच निघते. साखरेच्या दाट द्रावणावर तरंगवून वरचा थर घेतला आणि सुधारित झील-नील्सन पद्धतीने रंगवून तेल-भिंगाखाली पाहिला. हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल, गोल, चार ते सहा मायक्रॉनचे ठिपके दिसले. काहींच्या आत गडद कण होते, तर काहींनी रंग अजिबात घेतला नव्हता आणि ती नुसतीच चकाकणारी वर्तुळे होती. यीस्टही याच आकाराचे असते, मात्र ते हिरवे राहते. मोजणी काचेवर संख्या काढून साठा २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, ४ अंश तापमानाला ठेवला. या साठ्याला हातमोजे आणि जैवसुरक्षा कॅबिनेटशिवाय कोणी हात लावायचा नाही, असे ठरले आहे.

१० जून

सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर ऊसिस्ट दिसत असूनही पीसीआरमध्ये काहीच आले नाही. प्रोब नवा असल्यामुळे दोन दिवस त्याच्यावरच संशय घेण्यात गेले. शेवटी त्याच विहिरीत (पीसीआरच्या ताटलीतल्या खळग्यात) प्लास्मिड घालून पाहिले, तर तेही वाढेना. म्हणजे ऊसिस्टबरोबर आलेले काहीतरी एन्झाइमला अडवत होते. ते डायक्रोमेट होते. पिवळी छटा डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणजे ते गेले, असे नव्हे. आता साठ्यातून घेतलेला प्रत्येक भाग फॉस्फेट बफरने पुनःपुन्हा धुतो, वरचे पाणी पूर्ण नितळ झाल्यावरही आणखी एकदा धुतो आणि त्यानंतरच डीएनए काढायला घेतो.

१७ जून

डीएनए मिळू लागला, पण मोजलेल्या संख्येच्या मानाने फारच कमी. ज्या ऊसिस्टला क्लोरीन भेदू शकत नाही, त्याचे कवच किटमधल्या बफरने सहज विरघळेल ही अपेक्षाच चुकीची होती. काचेचे मणी घालून जोरात हलवले तर कवच फुटते, पण डीएनएचेही तुकडे होतात आणि पुढे क्रमवाचनासाठी (डीएनएची अक्षरे ओळीने वाचण्यासाठी) लांब तुकडा हवा असेल तर पंचाईत होते.

उपाय जुनाच निघाला. नळी द्रव नायट्रोजनमध्ये एक मिनिट बुडवायची, लगेच ६५ अंशांच्या पाण्यात एक मिनिट धरायची आणि हे पंधरा वेळा करायचे. त्यानंतर प्रोटिनेज के (प्रथिने पचवणारे एन्झाइम) आणि मग डीएनए शुद्ध करणारा नेहमीचा कॉलम. एकाच साठ्याचे दोन भाग करून एकावर हा उपचार केला आणि दुसऱ्यावर केला नाही, तेव्हा सीटीमध्ये (संकेत दिसेपर्यंत लागणाऱ्या चक्रांच्या संख्येत; डीएनए जास्त तितका सीटी कमी) जवळपास तीन चक्रांचा फरक आला, म्हणजे उपचार केलेल्या भागात सुमारे आठपट डीएनए होता. जिआर्डियाचे सिस्ट (त्याचे तसेच कवचबंद रूप) मोठे असले, तरी त्यांचे कवच इतके हट्टी नसते, त्यामुळे हीच पद्धत दोघांना चालते.

नायट्रोजनमध्ये बुडवायच्या नळ्या स्क्रूच्या झाकणाच्याच घ्याव्यात. दाबून बसणारी झाकणे गरम पाण्यात गेल्यावर फटकन उघडतात आणि नमुना कॅबिनेटभर उडतो.

२५ जून

पहिला प्रत्यक्ष नमुना. तळटाकीतून वीस लिटरचा कॅन भरला आणि लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणला. चढता-उतरताना पाटीवाल्यांची बोलणी ऐकावी लागली, ती रास्तच होती. प्रयोगशाळेत १.२ मायक्रॉनच्या सेल्युलोज ॲसिटेट पटलातून गाळायला सुरुवात केली, आणि पाणी पाहायला स्वच्छ असूनही काही लिटरांतच धार थेंबांवर आली. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या पाण्यात एवढे बारीक कण असतात की पटल बदलत बसावे लागते; प्रत्येक पटल खरवडताना थोडे ऊसिस्ट त्यावरच राहून जातात, हा तोटा वेगळाच.

नमुना उशिरा आला तर काय करायचे, तेही आजच ठरवले. पाणी थंड ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही, कारण गोठल्यावर ऊसिस्ट फुटतात आणि त्यांचा डीएनए पाण्यात सांडतो. गाळणी चार दिवसांच्या आत सुरू झाली नाही, तर तो नमुना टाकून द्यायचा. रुळांवर पाणी भरण्याच्या दिवसांत ही मुदत वाटते तितकी सैल नाही.

४ जुलै

पटल सोडून डायलायझर वापरायला घेतला. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करणाऱ्या या नळकांड्यात हजारो पोकळ तंतू असतात आणि त्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की ऊसिस्ट तर सोडाच, विषाणूही पलीकडे जात नाहीत. परळच्या सर्जिकल दुकानांत तो हजार रुपयांच्या आसपास मिळतो. दुकानदाराने पेशंट कोण म्हणून आस्थेने विचारले. पाणी तपासायचे आहे म्हटल्यावर त्याने बिल काढण्याआधी एकदा निरखून पाहिले.

एक टोक बंद करून पेरिस्टाल्टिक पंपाने पाणी आत ढकलायचे. पाणी तंतूंच्या भिंतींतून बाहेर पडते आणि कण आत अडकतात. मोठा फायदा असा की गाळणी गच्चीवरच उरकता येते. पाणी तिथेच सोडून द्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून फक्त डायलायझर आणायचा. कॅन वाहून नेणे संपले, आणि एका नमुन्याला वीसऐवजी चाळीस लिटर पाणी सहज घेता येऊ लागले. पंपाचा वेग मात्र वाढवू नये: नळीचे जोड सुटतात, आणि जोड सुटला तर किती पाणी वाया गेले याचा हिशेब लागत नसल्याने तो नमुना बादच धरावा लागतो. जोडांवर स्टीलचे क्लिप घट्ट बसवले आणि बाहेर पडणारे पाणी खुणा केलेल्या बादलीत मोजले.

परतल्यावर ट्वीन ८०, सोडियम पॉलिफॉस्फेट आणि फेसरोधक घातलेल्या सुमारे अर्धा लिटर पाण्याने उलट दिशेने धुऊन कण बाहेर काढायचे. फेसरोधक विसरू नये. तो नसला की सेंट्रिफ्यूजच्या बाटलीत निम्मा फेसच भरतो.

१२ जुलै

रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या ऊसिस्टपैकी किती परत मिळाले, हे पाहण्यासाठी टाकीच्या पाण्याचा जुळा नमुना घेऊन त्यात मोजून ऊसिस्ट घातले. आकडा दर वेळी वेगळा येत होता, आणि तोही एवढ्या फरकाने की सरासरी काढण्यात अर्थ नव्हता. डायलायझर, धुण्याचे द्रावण, मोजणी, सारे तपासून झाले. दोष सेंट्रिफ्यूजच्या ब्रेकमध्ये होता. फेरी संपताना यंत्र झटक्याने थांबे, त्या झटक्यात तळाचा सैल गाळ वर उठे आणि वरचे पाणी ओढून घेताना ऊसिस्टही त्याबरोबर जात. आता १,५०० जी वर पंधरा मिनिटे फिरवून ब्रेक बंद ठेवतो, यंत्राला आपोआप थांबू देतो आणि गाळाच्या वर चांगले पाच मिलिलिटर पाणी ठेवूनच बाकीचे ओढतो. आकडे फार मोठे झाले नाहीत, पण एकमेकांजवळ आले, आणि आम्हाला तेच हवे होते.

ऊसिस्ट घातलेला नमुना नेहमी शेवटी, वेगळ्या नळ्या वापरून हाताळायचा. खऱ्या नमुन्याच्या आधी तो हाताळला, तर पुढच्या प्रत्येक पॉझिटिव्हवर संशय राहतो.

२१ जुलै

मुसळधार पावसानंतरचा नमुना. तळटाकीच्या पाण्याचा गाळ गेरूसारखा तांबडा निघाला. हा इमारतीच्या जुन्या लोखंडी नळांचा गंज. पीसीआर पूर्ण निगेटिव्ह आले. प्रत्येक विहिरीत आम्ही ठरावीक प्रमाणात एक परका डीएनए तुकडा घालतो, जो स्वच्छ पाण्यात सीटी २८ ला दिसतो. तोही दिसला नाही. तो तुकडा घातला नसता, तर हा नमुना निर्दोष म्हणून वहीत चढला असता.

डीएनए दहापट पातळ केला, तेव्हा परका तुकडा दिसू लागला, पण पातळ करण्यात नमुन्यातील मुळातच थोडा असलेला डीएनएही दहापट विरळ होतो. म्हणून मुळाकडे वळलो. डीएनए काढण्याआधीच गाळ ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारे रसायन) असलेल्या बफरने धुतला, आणि ईडीटीए स्वतः मॅग्नेशियम धरून ठेवून पीसीआर अडवत असल्यामुळे नंतर साध्या बफरने पुन्हा धुतला. मिश्रणात दर मायक्रोलिटरला ४०० नॅनोग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (पीसीआर अडवणारे घटक धरून ठेवणारे, गाईच्या रक्तातले प्रथिन) घातले. या दोन्हींनी मिळून परका तुकडा पूर्वीच्या जागेच्या अगदी जवळ आला. अल्ब्युमिन स्वस्त आहे. ते पहिल्या दिवसापासून घालावे.

गाळ जास्त असेल, तर तो एकाच कॉलमवर कोंबू नये; दोन भाग करावेत.

२ ऑगस्ट

ज्या विहिरीत काहीच घातलेले नव्हते, तीही पॉझिटिव्ह आली. सारे काम थांबवले.

मिश्रणात युरॅसिल ग्लायकोसिलेज आहे, तेव्हा जुने पीसीआर उत्पादन आपोआप नष्ट होईल, या भरवशावर आम्ही होतो. पण हे एन्झाइम फक्त युरॅसिल असलेला, म्हणजे आमच्या मिश्रणात तयार झालेला, डीएनए तोडते. प्लास्मिड जिवाणूत वाढलेले असते, त्यात युरॅसिल नसून थायमिन असते, आणि प्रमाणरेषेसाठी आम्ही त्याच टेबलावर कोट्यवधी प्रतींची नळी उघडत होतो. मायक्रोपिपेटच्या दांड्याच्या आत पुसलेल्या कापसातही हे प्लास्मिड सापडले.

प्लास्मिडची नळी आता वेगळ्या मजल्यावरच्या खोलीत, वेगळ्या पिपेटसह ठेवली आहे. नमुन्यांच्या सर्व विहिरी झाकून झाल्यावरच प्लास्मिड घातले जाते, आणि प्रमाणरेषा दर वेळी न काढता नवीन मिश्रण आले तरच काढली जाते. टेबल पातळ ब्लीचने पुसून त्यावर पुन्हा साधे पाणी फिरवतो, कारण ब्लीचचा अंश राहिला तर तोही पीसीआर बिघडवतो. उघडलेली सर्व अभिकर्मके फेकली. या सर्व नोंदींत वेळ आणि पैसा सर्वाधिक इथे गेला.

१४ ऑगस्ट

गच्चीवरील टाकीच्या नमुन्यात क्रिप्टोस्पोरिडियमचा संकेत आला. सीटी ३६ च्या आसपास, आणि आठपैकी पाच विहिरींत. नमुना न घातलेल्या विहिरी स्वच्छ, परका तुकडा जागेवर, तळटाकीचा त्याच दिवशीचा नमुना निगेटिव्ह. जिआर्डिया कुठेच नाही.

आठ विहिरी का, याचे कारण हिशेबात आहे. एका ऊसिस्टमध्ये चार स्पोरोझोइट (परजीवीच्या पेशी) असतात आणि प्रत्येकात या जनुकाच्या पाच प्रती, म्हणजे एकूण वीस. सगळा गाळ १०० मायक्रोलिटर डीएनएत उतरतो आणि एका विहिरीत त्यातले ५ मायक्रोलिटर जातात. चाळीस लिटरांतून एकच ऊसिस्ट हाती लागला आणि काहीही वाया गेले नाही असे धरले, तरी एका विहिरीच्या वाट्याला सरासरी एकच प्रत येते, आणि नुसत्या योगायोगाने सुमारे ३७ टक्के विहिरी रिकाम्या राहतात. एकाच विहिरीवर निकाल देणाऱ्याने तो निकाल नाणे उडवून दिला, असेच समजावे.

त्याच पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय नव्हता आणि उर्वरित क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर होते. म्हणजे सोसायटी दर वर्षी करून घेते त्या चाचणीत हे पाणी उत्तम ठरले असते. ई. कोलाय क्लोरीनने मरतो, ऊसिस्ट मरत नाही. पहिल्याच्या अभावावरून दुसऱ्याचा अभाव ठरवता येत नाही.

२७ ऑगस्ट

१८ एस वरील आमची चाचणी प्रजाती सांगत नाही. माणसाला आजारी पाडणारी, गुरांतली किंवा पक्ष्यांतली, कोणतीही असली तरी संकेत तोच. म्हणून उरलेल्या डीएनएवर दोन टप्प्यांची पीसीआर करून सुमारे ८३० अक्षरांचा तुकडा वाढवला आणि क्रमवाचनाला पाठवला. पहिला आलेख एकमेकांवर चढलेल्या शिखरांचा आला, कारण जेलवर दोन पट्टे, म्हणजे दोन वेगळ्या लांबीचे तुकडे, असूनही आम्ही मिश्रण तसेच पाठवले होते. योग्य पट्टा पात्याने कापून, शुद्ध करून पुन्हा पाठवला, तेव्हा आलेख स्वच्छ आला आणि क्रम क्रिप्टोस्पोरिडियम बेलियीशी जुळला. ही पक्ष्यांमध्ये आढळणारी प्रजाती आहे.

या उत्तराने दोन गोष्टी एकदम सुटल्या. आमच्या शीतकपाटातला साठा पारडांच्या शेणाचा आहे आणि त्याचा क्रम आम्ही आधीच वाचून ठेवला होता. तो वेगळा आहे, म्हणजे हा संकेत प्रयोगशाळेतून गेलेला नाही. आणि गच्चीवर काय शोधायचे, तेही कळले. टाकीचे लोखंडी झाकण एका कोपऱ्यात गंजून हाताच्या पंजाएवढे उघडे होते, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नव्हती आणि झाकणाच्या काठावर कबुतरांची विष्ठा थरावर थर साठलेली होती. पंपमन काका म्हणाले, “झाकणाचं मी दिवाळीपासून सांगतोय, पण पाणी येतंय ना म्हटल्यावर वर कोण चढतंय?”

६ सप्टेंबर

सोसायटीच्या कमिटीपुढे निष्कर्ष मांडले. बेलियी हे माणसातल्या अतिसाराचे नेहमीचे कारण नाही, हे आधी स्पष्ट केले. पण ज्या वाटेने ती आली, त्याच वाटेने पक्ष्यांतली मेलिॲग्रिडिस ही माणसाला बाधणारी प्रजातीही येऊ शकते. सापडलेले ऊसिस्ट जिवंत होते की मृत, हे डीएनएवरून कळत नाही, हेही अहवालात लिहिले.

सेक्रेटरींचा प्रश्न सरळ होता: टाकीत ब्लीचिंग पावडर जास्त टाकली तर? त्यांना आकडा सांगितला. २५ अंश तापमानाला ९९.९ टक्के क्रिप्टोस्पोरिडियम निष्प्रभ करायला क्लोरीनची मात्रा आणि मिनिटे यांचा गुणाकार १५,३०० व्हावा लागतो. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवले, तर दहा दिवसांहून अधिक. टाकीतले पाणी एका दिवसात संपते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक आजारी पडले, तेव्हाही पाण्यात क्लोरीन होतेच. ऊसिस्ट गाळणीतून निसटले होते. पिण्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळले की पुरते, आणि टाकीसाठी झाकण, जाळी व साफसफाई. यावर कमिटीने खर्च लगेच मंजूर केला. झाकण आणि जाळीचा तो खर्च आमच्या एका प्रोबच्या किमतीपेक्षा कमी होता.

२० सप्टेंबर

टाकी रिकामी करून, घासून, नवे झाकण आणि जाळी बसवून झाल्यावर गच्चीवरून पुन्हा चाळीस लिटर पाणी गाळले. आठही विहिरी निगेटिव्ह. परका तुकडा जागेवर. कमिटीच्या व्हॉट्सॲप गटावर निकाल टाकण्याची मागणी दुपारपासून चालू आहे.

पण जुळ्या नमुन्यात घातलेल्या ऊसिस्टची रिकव्हरी आज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आहे. टाकीच्या भिंती घासताना सुटलेली सिमेंटची पूड गाळात दिसते आहे आणि उलट धुलाईचे पाणी दुधाळ होते. ऊसिस्ट बहुधा त्या पुडीबरोबर तंतूंनाच चिकटून राहिले. एवढ्या रिकव्हरीवर निगेटिव्ह असे लिहिता येणार नाही. वहीत ‘निकाल ग्राह्य नाही’ अशी नोंद केली आहे. टाकी दोन-तीनदा भरून रिकामी होऊ देऊन पुढच्या आठवड्यात नमुना पुन्हा घ्यायचा आहे. धुण्याच्या द्रावणात पॉलिफॉस्फेट वाढवून पाहायचे आहे आणि तोवर रहिवाशांनी पाणी उकळणे चालू ठेवावे, असे सेक्रेटरींना कळवले आहे.